पाच तुकडे, सगळे पिवळे

पाचवा तुकडाही वाकवताना तडकला. मी रजिस्टरमध्ये ‘फेल’ लिहिलं.

भिलाईतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये तो माझा तिसरा महिना. लोखंडी सळ्यांचा ट्रकभर माल आला होता. सगळा माल कुणी तपासत नाही. काही तुकडे कापून वाकवतात आणि त्यावरून पूर्ण लॉटचा निकाल देतात.

“पाचों फेल? पूरा लॉट रिजेक्ट,” मॅनेजर सर म्हणाले. “रिपोर्ट बनाओ.”

माल एका छोट्या रोलिंग मिलचा होता. मालक साहूजी दारातच उभे होते. “मॅडम, पूरा माल ख़राब नहीं हो सकता. लॉट रिजेक्ट हुआ तो ग्राहक की सप्लायर लिस्ट से नाम कट जाएगा. हमारा ग्राहक यही एक है.”

सगळे सप्लायर असंच म्हणतात, असं मी मनात ठरवून टाकलं.

मेश्राम काका आमचे जुने टेक्निशियन. त्यांनी तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि हळूच विचारलं, “बेटा, हे सारे वरच्याच बंडलचे हाय ना?”

“हो.”

“पाचहीले पिवळा रंग. खालचे बंडल पांढरे हाय.”

भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाला ‘हीट’ म्हणतात. हीट ओळखू यावी म्हणून सळीच्या टोकाला रंग लावतात. म्हणजे लॉटमध्ये दोन हीट होत्या आणि मी एकच तपासली होती.

“पाच टेस्ट नाही झाल्या. एकच टेस्ट पाच खेपा झाली,” काका म्हणाले. “आमच्या मरोदा वस्तीत एका मेश्रामचा कुत्रा चावला, तं साऱ्या मेश्रामचे कुत्रे चावरे झाले काय?”

हे ते थेट सरांना सांगू शकले असते. त्यांनी फक्त मला सांगितलं. सरांकडे मीच गेले.

“नीचे से सैंपल क्यों नहीं लिया?”

“सर, बंडल उचलायला क्रेन लागते. ऑपरेटरला सांगायला... लाजले.”

“तो अब बोलो.”

यार्डात क्रेनच्या आवाजात माझी हाक तिसऱ्या खेपेला ऑपरेटरपर्यंत पोहोचली. पांढऱ्या टोकांचे पाच तुकडे कापले, वाकवले. एकही तडकला नाही.

रिपोर्टमध्ये पिवळी हीट रिजेक्ट आणि पांढरी पास असं लिहिलं. पिवळ्या सळ्या परत गेल्या. साहूजींचं नाव लिस्टवर राहिलं. ते माझे आभार मानायला लागले, तेव्हा मी काकांकडे बोट दाखवलं.

“मले कावून मधात ओढता मॅडम?” म्हणत काका चहाला निघून गेले.

हात पोहोचतो तिथूनच नमुना घेतला, तर निकालही हात पोहोचतो तेवढ्याच मालाचा असतो.