यादीतलं तिसरं नाव

भाची बारावी झाली आणि तिला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला जागा लागली. दोन वर्षांचा कोर्स. बहिणीचा फोन आला, "दादा, रविवारी ये. सोमवारी कागद द्यायचेत. हे करावं का नाय, तूच सांग. आपल्यात तूच केलंय ते." मी हो म्हणालो आणि रविवारपर्यंत धड जेवलो नाही.

सायखेड्याला तिच्या घरी पोहोचलो तर पंखा बंद. बरंच झालं, हातांना काम मिळालं. बोर्डावरचा मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला. आमच्या कामातली सवय आहे ही. वायरला हात लावायचा तर फ्यूज आपल्याच खिशात हवा, म्हणजे मागून कुणी येऊन बसवत नाही. मग स्टुलावर चढलो. खाली बहीण मेथीच्या जुड्या बांधत होती.

"मामा, स्पष्ट सांगा," भाची म्हणाली, "घालायचं किती आणि हातात काय येतं?"

तोंड वर होतं, म्हणून बोलता आलं. फी फार नाही, म्हटलं. बसचा पास, गणवेश, हत्यारं. खरी जातात ती वर्षं. दोन शिकण्यात, एक अप्रेंटिसशिपमध्ये, पुढं कंत्राटी. मला अंबडच्या कंपनीत परमनंट व्हायला सात वर्षं लागली.

"म्हणजे दहा झाली," बहीण म्हणाली. "शेजारची पोरगी पॅकिंगला जाते. पहिला पगार झाला पण तिचा."

"दहा वर्षांनी पण ती पॅकिंगच करणार, आई."

"लय शहाणी."

हातात काय येतं तेही सांगितलं. मोटर जळून लाइन थांबली की साहेबसुद्धा आपल्या हातांकडे बघत उभा राहतो. कंपनी सुटली तरी हातातलं काम सुटत नाही. या कामावर माझं घर झालं, मुलं शिकली. भाचीचे डोळे चमकले, ते स्टुलावरूनही दिसलं.

बहीण जुडीला गाठ मारत म्हणाली, "मला नको वाटतं. आपल्या बायांचं डोकं नाय चालत त्यात. मी नव्हता का फॉर्म भरला? मार्क दादापेक्षा जास्त, तरी यादीत नाव नाय आलं. ते लोक दुसरंच काहीतरी बघत असतील." तक्रार नव्हती. ती स्वतःबद्दलची एक माहिती देत होती.

पंख्याची वायर केव्हाच जोडून झाली होती. मी उगाच पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. मग खाली उतरलो.

मी दहावीला एकदा नापास झालो होतो. त्यामुळे धाकटी असून ती माझ्याबरोबरच पास झाली. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. वडील म्हणाले, ज्याचं नाव लागेल तो शिकेल, दुसऱ्यानं मळा बघायचा. आयटीआयची यादी लागली त्या दिवशी तिला झेंडू तोडायचा होता, म्हणून सायकल काढून मी एकटाच गेलो. मुलींच्या यादीत तिसरं नाव तिचं. माझं वेटिंगला. शेजारी उभा असलेला शिपाई सहज बोलला, "या ट्रेडला मुली येत नाहीत. त्यांच्या जागा राहिल्या की पोरांना देतो."

येताना तीनदा सायकल थांबवली. तहान नसताना पाणी प्यायलो. घरी येऊन म्हणालो, "तुझं नाही लागलं. माझं वेटिंगला आहे."

"नीट बघितलं का?"

"दोनदा बघितलं."

दोनदा बघितलं होतं, हे मात्र खरं होतं. तिच्या जागेची मुदत गेली, माझा नंबर लागला. दोन वर्षं मी वायरींचे सांधे मारायला शिकलो आणि ती पहाटे उठून फुलं तोडत राहिली. मी पास झालो त्याच वर्षी तिचं लग्न झालं. कोर्स परवडतो का, असं कंपनीतली पोरं विचारायची, तेव्हा मी खुशाल हो म्हणायचो. माझ्या वाटचं तिनं भरलं, हे त्यात कधी धरलं नाही.

हे सगळं मी त्या दोघींसमोर, जमिनीकडे बघत, जसं झालं तसं सांगितलं. माफी मागायची ठरवून आलो होतो. ती तोंडातून निघालीच नाही.

बहिणीनं हातातली जुडी पुरी बांधली. मग विचारलं, "कितवं होतं?"

"तिसरं."

"तिसरं," ती म्हणाली. पुढची जुडी तिनं घेतली नाही.

"दादा, उद्या हिच्यासंगं मी जाते. कागद मीच देईन. तू नको येऊ."

"मी रजा टाकलीय."

"मग घरी बस."

मी निघालो. फाटकाबाहेर येऊन गाडीला किक मारणार, तोच भाची धावत आली. "मामा, फ्यूज." तो माझ्या खिशातच राहिला होता.

"चल, बसवून देतो."

ती वाटेतच उभी राहिली. "आई म्हणते, कसा बसवायचा ते मामाकडून इथंच समजून घे. तुम्हाला आत बोलावलं नाही."

मी तिथूनच सांगितलं. मेन स्विच बंद आहे ना ते आधी बघ. मग सरळ दाबून बसव, मग स्विच वर कर. तिनं ते एकदा म्हणून दाखवलं आणि आत गेली. मी गाडीवर तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून पंख्याचा आवाज आला.