देव पाण्यात, बाई बेटावर

मी चक्रीवादळांची तज्ज्ञ आहे आणि मी आयुष्यात एकही चक्रीवादळ पाहिलेलं नाही. हे ऐकून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, मला त्याचाच पगार मिळतो. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं चिकटून आहे की चक्रीवादळ इथं सहसा फिरकत नाही. आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये वारा म्हणजे छताचा पंखा, तोही तीनवर ठेवला की नवऱ्याला सर्दी होते. अशा ठिकाणी बसून मी कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर आजवर कोणकोणती वादळं आदळली, त्याचा इतिहास लिहिते. आमची कंपनी विमा कंपन्यांचा विमा उतरवते. बेटाची हमी घ्यायची की नाही, हे ठरवायला तिला हा इतिहास लागतो.

इतिहास म्हणजे चर्चची जुनी दप्तरं, जहाजांच्या रोजनिशा, वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणं. त्यात साधारण असं असतं : मोठा वारा सुटला, फार नुकसान झालं, देव दयाळू आहे. एवढ्यावरून मी नकाशावर रेघ कशी ओढणार? म्हणून बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर बोलायची परवानगी मी ऑफिसातून मिळवली, आणि त्यातून बाई आमच्या घरात आल्या.

बाई म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज मात्र अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांच्या आणि आमच्या घड्याळात बरोब्बर बारा तासांचं अंतर, त्यामुळे दोन्हीकडे काटे सारखेच असायचे. फक्त आमच्याकडे सकाळचा चहा आणि त्यांच्याकडे संध्याकाळचा. बाईंना वादळांची सालं आठवत नसत, छपरं आठवत. झावळ्यांचं छप्पर गेलं ते वादळ, लाकडी फळ्यांचं गेलं ते वादळ, पहिले पत्रे गेले ते वादळ. मी साल विचारलं की त्या म्हणायच्या, "साल तू शोध, पगार तुला मिळतो." मला त्या लगेच आवडल्या आणि लगेच त्यांचा रागही आला.

शेजारी मटार सोलत सासूबाई बसलेल्या असत. सासरे गेल्यावर नवरा त्यांना पुण्याहून इकडे घेऊन आला होता. त्या आल्या खऱ्या, पण बोलणं बहुतेक पुण्यातच ठेवून आल्या होत्या. "जेवलात?" "हो." "झोप लागली?" "हो." नात, म्हणजे माझी मुलगी, शाळेतून येऊन इंग्रजीत बडबडायची, त्या तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. खाली बाकावर बसणाऱ्या चिनी आज्यांना मान डोलवायच्या, त्याही डोलवायच्या, की संपलं. महिनेच्या महिने असे गेले. मला खरोखर भीती वाटायला लागली होती की सासूबाईंचं बोलणं आता कायमचं बंद होणार.

आणि एका सकाळी पहिल्या पत्र्यांची हकिकत ऐकता ऐकता त्या एकदम म्हणाल्या, "अगं, तिला विचार, पत्रे उडाले तेव्हा पिठाचा डबा कुठं होता?"

मी म्हटलं, "आई, हे ऑफिसचं काम आहे."

"म्हणूनच सांगते. विचार."

मी विचारलं. आणि बाई जे सुटल्या! डबा तीन घरं सोडून पलीकडच्या विहिरीत सापडला होता, झाकण घट्ट, आत पीठ कोरडं. विहीर कुठल्या दिशेला ते कळल्यावर मला वाऱ्याची दिशा मिळाली. माझ्या अहवालात त्या वादळाची रेघ आजही त्या डब्यावर उभी आहे, फक्त तिथं डबा असं लिहिलेलं नाही.

त्यानंतर सासूबाईंनी कॉलचा ताबाच घेतला. आयुष्यभर त्यांनी पोस्टात टपालाचं वर्गीकरण केलेलं, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं होतं आणि चौकशी करायची सवय दांडगी होती. माझं काम संपलं तरी कॉल संपले नाहीत. रोज सकाळी चहाचा कप आणि टॅब्लेट घेऊन त्या खिडकीशी बसायच्या. बाईंनी त्यांना माशाचं कालवण सांगितलं, शाकाहारी सासूबाईंनी ते मन लावून ऐकलं आणि त्यात फोडणी चुकते आहे असं सांगितलं. सासरे कसे गेले हे आम्हाला त्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या ते बाईंना सांगत होत्या, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकलं. जगात त्यांची एवढी एकच मैत्रीण उरली होती, आणि ती भलत्याच समुद्रात, वादळांच्या रस्त्यावर राहत होती.

व्हायचं तेच झालं. वादळांचा मोसम लागला आणि एक भलंमोठं वादळ बाईंच्या बेटाकडे निघालं. मी नकाशा दाखवला तशा सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. वादळाच्या अंदाजी वाटेच्या मधोमध बेट होतं.

"तिला म्हणावं, नीघ तिथून."

बाई निघायला तयार नव्हत्या. नुकतंच त्यांनी नवं छप्पर घातलं होतं, एकेका वाशाला लोखंडी पट्ट्या ठोकून. हे छप्पर टिकतं का, ते त्यांना त्याच्याखाली बसून बघायचं होतं. "प्रत्येक वेळी उडताना बघितलंय, एकदा राहताना बघू दे की," असं त्यांचं म्हणणं. सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या. शेजारच्या मोठ्या बेटावर बाईंची धाकटी बहीण राहत होती, तिचं घर सिमेंटचं होतं. सासूबाईंनी समजावलं, मग ओरडल्या, मग रडल्या. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "जाते बाई, जाते. शाळा तपासणीला आलेला साहेबसुद्धा इतका छळत नव्हता." दुसऱ्या दिवशीच्या बोटीने जायचं ठरलं.

पण सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी देव पाण्यात ठेवायचे ठरवले. घंगाळ पुण्याला राहिलेलं, म्हणून जुन्या राइस कुकरचं भांडं घासूनपुसून घेतलं. संकल्पासाठी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी म्हणाले, "आजी, संकल्पात आपण जिथं बसलोय ती जागा सांगायची असते."

"वादळ इथं येतंय का? तिथलं सांगा. देव चुकीच्या ठिकाणी गेले म्हणजे?"

"पण ते बेट जंबुद्वीपात येत नाही हो."

"मग कशात येतं?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. त्यांचे अमेरिकेतले यजमान क्रौंचद्वीप म्हणतात, तेवढ्या बाजूला हेही धरायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं. सासूबाईंनी क्रौंचद्वीप, मग कॅरिबियन समुद्र, मग बेटाचं नाव, मग बाईंचं गाव आणि चर्चच्या मागचं तिसरं घर असा सगळा पत्ता सांगून वादळ तिथून टळू दे म्हटलं. पत्ता अपुरा असला की टपाल परत येतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मग गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पाण्यात गेले. वादळ टळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं घरात जाहीर झालं.

पुढच्याच सकाळी दारात डासांची तपासणी करणारी अधिकारी. तरुण मुलगी, हातात टॉर्च. आमच्या ब्लॉकमध्ये डेंगी निघाला होता. तिनं कुंड्या पाहिल्या, बाथरूममधली बादली पाहिली आणि मग तिचा टॉर्च देवघरावर थांबला.

"आंटी, हे पाणी कधीपासूनचं?"

"कालपासून," सासूबाई म्हणाल्या, "वादळ जाईपर्यंत ठेवायचं आहे."

मुलीनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन रखरखत होतं. "कुठलं वादळ?"

मी मधे पडून कॅरिबियन समुद्र, विमा, बाई, संकल्प असं सगळं समजावलं. मी तज्ज्ञ असूनही ते मला नीट सांगता येईना. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं धर्माबद्दल एक शब्द काढला नाही, पण साचलेलं पाणी ते साचलेलं पाणी. पाणी बदला म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, देव हलवता येत नाहीत. दोघी आपापल्या नियमांवर ठाम. शेवटी घट्ट झाकण लावायचं असं ठरलं. राइस कुकरच्या काचेच्या झाकणाखाली आमचे देव वादळाची वाट पाहू लागले. मुलीनं जाताना झाकण दाबून पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "ऑल द बेस्ट, आंटी."

आणि वादळ वळलं. दोन दिवसांनी सकाळी लॅपटॉप उघडला तर रेघ दक्षिणेला वाकलेली आणि बाईंचं बेट मोकळं. मी ओरडलेच. सासूबाईंनी झाकण काढलं, देव पुसले, जागेवर बसवले आणि शिरा करायला घेतला. समोरच्या चिनी आजींना वाटी दिली. त्यांना काय झालंय ते कळलं नाही, पण त्यांनी खाल्ला आणि अंगठा दाखवला. नवऱ्यानं आईला नमस्कार केला. ऑफिसातून साहेबांचा निरोप आला, आपलं बेट वाचलं, छान. मी शिऱ्याची दुसरी वाटी घेतली.

नात गणवेश घालून खोलीतून आली. तिनं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बट आजी, बाई तर त्या दुसऱ्या आयलंडला गेल्या ना?"

मी वाटी खाली ठेवली आणि पुन्हा नकाशा पाहिला. वादळ वळून नेमकं त्या मोठ्या बेटावर, बहिणीच्या गावावर चढत होतं. वादळांची तज्ज्ञ म्हणून मी पगार घेते, आणि हे माझ्या मुलीला माझ्या आधी दिसलं होतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बेट होतं.

सासूबाईंनी गुरुजींना फोन लावला. "पत्ता बदललाय," म्हणाल्या, "लगेच दुरुस्ती सांगा."

"आजी, देवाला कळतं हो माणूस कुठं आहे ते."

"कळतं तर मग हे काय केलंन त्यानं?"

सासूबाईंनी देव पुन्हा पाण्यात ठेवले नाहीत. त्या देवघराकडे पाठ करून बसल्या. बाईंचा फोन लागत नव्हता, बहिणीचा नंबर आमच्याकडे नव्हता. मी ऑफिसात विचारलं, त्या मोठ्या बेटाची काही बातमी? सहकारी म्हणाला, ते बेट आपल्या टीमचं नाही. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मला दिसलं की मी लिहिलेल्या इतिहासातही या वादळाला जागा मिळणार नाही, कारण ते माझ्या बेटावर आदळलंच नव्हतं. त्या इतिहासातली कोरी, म्हणजे वादळाविना गेलेली सालं मी आजवर चांगली समजत होते.

"मी ढकललं का गं ते तिच्या अंगावर?" सासूबाईंनी मला विचारलं.

"आई, तसं नसतं. वर हवेचा दाब असतो, त्यानं वादळ वळतं."

"आणि तिला तिकडं कुणी पाठवलं? दाबानं?"

त्यानंतर त्या बोलायच्या थांबल्या. "जेवता?" "नको." दिवसामागून दिवस तेच. त्या टॅब्लेट मांडीवर घेऊन खिडकीशी बसत, चहा गार होई. मला पुन्हा तीच भीती वाटायला लागली, आता तर जास्तच.

मग एका सकाळी अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी टॅब्लेट माझ्याकडे सरकवला आणि कॉल मीच घेतला. बाई होत्या. कपाळाला पट्टी, मागे शाळेचा वर्ग, फळ्याला टेकून झोपलेली माणसं. बहिणीचं सिमेंटचं घर उभं होतं, पण समुद्र आत शिरला होता आणि दोघींनी माळ्यावर बसून वादळ काढलं होतं.

सासूबाईंनी इतक्या दिवसांत काय काय बोलायचं ठरवलं असेल. तोंडातून निघालं एवढंच, "तुमचं छप्पर शाबूत आहे."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या, "शेजाऱ्यानं सांगितलं. एक पत्रा हलला नाही. आणि मी त्याच्याखाली नव्हते!"

सासूबाईंना रडू फुटलं. सासरे गेल्यापासून आम्ही त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. पण पुढच्या वेळी तू कितीही ओरडलीस तरी मी घरातच बसणार आहे."

"बसा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही. मी आपली इथं फोन धरून बसेन."