दोघांच्या सभेचा कोरम

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. शेवटच्या नावापर्यंत हजेरी घेतली, मगच वर्गाबाहेर पडले. अर्धवट टाकलेलं काम मामांना खपत नसे... आता महिना उलटलाय, म्हणून लिहिते.

मामा पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे तीस वर्षं सचिव होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, ती त्यांच्या हट्टामुळे. हे मी ताठ मानेनं सांगते. सत्तरी ओलांडली तसे मामा गप्प झाले. जेवण दोन घासांवर आलं, दाढी वाढली, पारावर जाणं सुटलं. म्हातारपण आहे, असं सगळे म्हणायचे. मला ते पटेना. बीडला वयस्कर माणसांसाठी काम करणाऱ्या एक मानसशास्त्रज्ञ मॅडम आहेत असं कळलं, तेव्हा मी विषय काढला.

"मला काय येड लागलंय व्हय गं, भाचीबाई?"

"न्हाई मामा. नुसतं बसून बोलायचं."

"मंजी मीटिंग. मग येतो म्हणून सांग त्यांना."

ठरल्या दिवशी जीप दवाखान्याशी थांबली आणि मामांच्या मागून संस्थेचे तीन जुने संचालक उतरले, धुतलेल्या टोप्या घालून. दोनच माणसांची बैठक मामांच्या हिशोबात बसतच नव्हती. मॅडम बाहेर आल्या, टोप्या बघितल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही एकटे पुरे."

"आन् कोरम?"

"तुम्ही आणि मी. भरला की."

कित्येक महिन्यांनी मामा हसले. संचालक भजी खायला गेले.

मामांनी परवानगी दिली म्हणून पहिली दहा मिनिटं मी आत होते. त्यांना नीट ऐकू यायचं त्या कानाच्या बाजूला मॅडमनी खुर्ची ओढली. गोळ्या कोणत्या चालू आहेत, झोप कशी, चालताना तोल जातो का... सगळं विचारलं. सुई नाही, औषध नाही. मी मधेच उत्तर द्यायला लागले तर म्हणाल्या, "ताई, त्यांना सांगू द्या." पदवीधर भाची गप्प बसली! इथलं बोलणं इथंच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. एका दिवसात काही होणार नाही, सुरुवातीला उलट जड वाटेल, असं म्हणाल्या. तसंच झालं. दुसऱ्या बैठकीनंतर मामा पार कोमेजले. तिसरीला ते स्वतःच आधी तयार होऊन बसले.

पाचव्या बैठकीनंतर म्हणाले, "मला उमापूरला न्हे."

उमापूर म्हणजे आमचं घर. तिथं मामा कैक वर्षं आले नव्हते. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी चालवली होती. माझ्या आईनं, त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, दोन गाई टेंपोत घालून तिथं नेल्या. बाहेरच्या तालुक्यातलं जनावर घ्यायचं नाही, असा नियम होता. मामांनी टेंपो दारातूनच परत पाठवला. गाई बाजारात गेल्या. लग्नाकार्यात बहीणभाऊ बोलायचे, पण पाहुण्यांसारखे.

त्या दिवशी मामा अंगणातल्या बाजेवर बसले. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"कौसे, नियम व्हता. पर जागाबी व्हती. सचिवानं बहिणीच्या गाई घेतल्या, आसं लोक म्हणतील म्हणून भ्यालो."

आईनं ऐकलं, उठली आणि चहा टाकला. एवढंच. पण नंतर मामा दर महिन्याला यायचे. दाढी केलेली असायची. जेवणात दुसरी भाकरी मागून घ्यायचे. मॅडमकडे जाणं त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं आणि पारावर ते राजरोस सांगायचे, "गुडघ्याला डॉक्टर चालतो, मग मनाला का नको रं?"

दिवसकार्य उरकलं. अंगणातली बाज आई कुणाला हलवू देत नाही, तिच्यावर वाळवण घालत नाही. परवा सकाळी मात्र ती स्वतः तिथं बसलेली दिसली. मला बोलावलं.

"त्यानं सगळं म्हणलं. मी नुसता च्या दिला... लई राग व्हता गं माझ्यात. आता राग ऱ्हायला न्हाई, आसं मी एकदाबी म्हणले न्हाई त्याला."

मी तिचा हात धरला. पदराच्या टोकानं तिनं बाजेवरची धूळ झटकली.

"त्या मॅडम बायांचंबी ऐकत्यात का?"

सोमवारची वेळ घेतली आहे.