बकेटमधले आबा

गुलालाचा वास नाकात गेला की माझं डोकं आजही सणकतं. तेव्हा मी वारणाकाठच्या आमच्या गावात जेसीबी चालवायचो. ग्रामपंचायतीचा निकाल लागला आणि मशीनच्या मालकाचा भाऊ निवडून आला. हलगी कडाडत होती, रस्ता गुलालानं माखला होता, आणि मालक भावाकडे बोट दाखवून मला म्हणाला, "ह्याला आन् आबांला बकेटमध्ये उभं कर, आन् घे वर!" आबा म्हणजे त्यांचे सत्तरीचे वडील. मी म्हणालो, "बकेट माती उचलायला हाय, माणसं न्हाय. धरायला दांडी न्हाय, काय न्हाय. म्हातारं माणूस पडंल की!" "आजच्या दिवशी अपशकुन करतोस व्हय रं?" तो सगळ्यांदेखत ओरडला. मी मशीन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली उतरलो. पण या मशीनांमध्ये एकाची किल्ली दुसऱ्याला चालते. मालकानं शेजारच्या मशीनची किल्ली आणली आणि हौसेनं स्वतःच सीटवर बसला. दोघांना घेऊन बकेट वर गेली, टाळ्या पडल्या, त्यानं लिव्हरला हिसका दिला आणि आबा फेट्यासकट खाली आले. खुबा मोडला. दवाखान्यात मालक माझ्याच अंगावर धावून आला, "तुझा हात सफाईचा. तू बसला असतास तर आबा पडलं असतं व्हय?" भोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा पुन्हा कधी चालले नाहीत. गावात ही गोष्ट निघाली की दोष आजही माझाच निघतो, आणि निकालाच्या दिवशी बकेट माणसांसकट वर जातेच.