एका जीपला एकच आवाज

आमच्या ऑफिसात दोघं एकदम बोलायला लागले की सुमनताई कानांवर हात ठेवायच्या आणि डोळे मिटून ओरडायच्या, "एका जीपला एकच आवाज!" त्यांचे वडील कन्नड गावच्या स्टँडवर ओरडून ओरडून जीपसाठी प्रवासी गोळा करायचे. एका जीपच्या जागा एकाच माणसानं द्यायच्या, हा तिथला कायदा. दोघांनी दिल्या की एकाच सीटवर दोन बायका, आणि मग जी काय जुंपायची! ताईंचं सगळं प्रोग्रामिंग या एका वाक्यावर उभं होतं.

त्या दुष्काळात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या एवढ्याशा कंपनीकडे पाण्याच्या टँकरांचं काम आलं. शहर चहूकडे पसरलेलं, नव्या वसाहतींत नळ पोचलेलेच नाहीत. ड्रायव्हरांचे आणि वसाहतींचे मेसेज दिवसभर अखंड यायचे आणि आमचा प्रोग्राम ते येतील तसे निपटायचा. त्यासाठी एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे अनेक हात, राबायचे. दोन हातांनी एकच टँकर धरू नये म्हणून ताईंनी सगळ्या टँकरांना मिळून एकच लॉक घातलं होतं. एक हात आत असला की बाकीच्यांनी थांबायचं.

उन्हाळा चढला, मेसेज वाढले आणि सगळंच खोळंबायला लागलं. भरलेले टँकर उत्तराची वाट बघत उभे. साहेब भडकले, "काढा ते लॉक! लोक तहानलेत!" ताईंनी अक्षरशः हात जोडले. "साहेब, थोडे दिवस द्या. परतेक टँकरची रांग अलग करते. घाई केली तर लई महागात पडंल." पण ऐकतंय कोण? साहेबांनी दुसऱ्याकडून लॉक काढून घेतलं. प्रोग्राम सुसाट सुटला. साहेबांनी पेढेसुद्धा वाटले.

मग एका दुपारी ताईंना एका ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, दोन्ही कॉलनीवाले म्हणतेत टँकर आमचा. दोघांकडं मेसेज हाय. जाऊ कुठं?"

दोन थ्रेडना एकाच क्षणी तो टँकर मोकळा दिसला होता आणि दोघांनीही 'टँकर निघाला' असं कळवून टाकलं होतं. दुसरा टँकर नव्हताच. त्यातली एक वसाहत ताईंची. घरी म्हातारी आई एकटी. ताईंनी स्क्रीनवर मागण्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्या म्हणाल्या, "पहिली मागणी त्या दुसऱ्यांची हाय. तिकडं जा."

नंतर त्या आईला फोन लावत राहिल्या. आई उचलेना. ती मेसेजवर भरवसा ठेवून ड्रमापाशी भर उन्हात उभी होती. ताई रिक्षानं धावल्या, पण तोवर ऊन लागून ती कोसळली होती आणि शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात हलवलं होतं. आई काही वाचली नाही. साहेबांनी हार पाठवला, म्हणे! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तेरावं झाल्यावर ताई आल्या आणि थेट कामाला बसल्या. एका टँकरचे सगळे मेसेज एकाच थ्रेडकडे, एकामागून एक. दुसऱ्या टँकरचे दुसऱ्याकडे. ना गोंधळ, ना खोळंबा. या वेळी साहेबांनी ब्रसुद्धा काढला नाही.

आम्ही चाचणी घेतली. एकाच टँकरसाठी दोन मागण्या एकदम सोडल्या. एकीला उत्तर आलं, 'टँकर निघाला'. दुसरीला आलं, 'आज टँकर नाही'.

"ताई, जमलं!" मी ओरडले.

ताई त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिल्या.

"एवढं 'नाय' आलं असतं ना गं," त्या म्हणाल्या, "तर माय घरात सावलीला बसली असती."