मुलाकडच्यांचं शून्य

भाचीचं लग्न ठरलं आणि वहिनींनी जाहीर करून टाकलं, की हळदीच्या दिवशी अंताक्षरी होणार आणि दोन्ही बाजूंचे गुण मोठ्या पडद्यावर दिसणार. "ताई, तुम्ही शाळेत कॉम्प्युटर शिकवता ना? मग बनवा."

खरं तर मी गणिताची. अकरावीला प्रोग्रामिंग सुरू झालं, शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. वर्गातल्या मुलींच्या एक धडा पुढे राहावं, इतकंच मी शिकत होते. वहिनी कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करतात, त्यांची बोटं नुसती पळतात. तेव्हा मी सांगायचं आणि त्यांनी टाइप करायचं असं ठरलं. केळीच्या वेफर्सचा डबा मध्ये ठेवून आम्ही बसलो.

काम साधं वाटत होतं. सगळ्यात वर 'मुलीकडचे गुण' हे व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचं नाव, त्यात शून्य. खाली एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेलं छोटंसं काम: बटण दाबलं की गुण एकाने वाढव. वहिनींनी बटण दाबलं. लाल अक्षरांत एरर आली. हे नाव वापरताय, पण त्यात अजून काही ठेवलेलंच नाही, असं काहीतरी ती म्हणत होती.

"अरे, वर शून्य ठेवलंय की!" वहिनी स्क्रीनलाच म्हणाल्या. "नसेल दिसत त्याला. आतही एक शून्य ठेवून देऊ."

ठेवलं. एरर गेली. आता बटण दाबलं की फंक्शन आतून सांगायचं, एक. पडदा सांगायचा, शून्य. पुन्हा दाबलं, पुन्हा आत एक, बाहेर शून्य.

मी पुस्तक काढलं आणि एकच पान पुन्हापुन्हा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. फंक्शनच्या आत एखाद्या नावात काही ठेवलं, की ते नाव त्या फंक्शनपुरतं, लोकल होतं. बाहेर तेच नाव असलं तरी ते निराळं. फंक्शनचं काम संपलं की आतलं पुसलं जातं, बाहेरचं ग्लोबल जिथल्या तिथे.

वहिनींनी टाळी दिली. "म्हणजे माझ्या माहेरी 'ताई' म्हटलं की मी, आणि इथं 'ताई' म्हटलं की तुम्ही! तिकडच्या ताईला चहा पाजला तर तुमची तलफ कशी भागणार?"

आतलं शून्य काढलं आणि तिथे एक ओळ घातली: हे नाव ग्लोबल, बाहेरचंच धर. बटण दाबलं आणि पडद्यावर एक आला. आम्ही दोघी अशा ओरडलो की भाऊ अंगणातून धावत आला.

"काय झालं?"

"एक झाला!" वहिनी म्हणाल्या.

मुलाकडच्यांसाठी मी वर आणखी एक शून्य ठेवलं, तेच फंक्शन कॉपी केलं, त्याचं नाव बदललं, आणि आम्ही दराब्याच्या मिठाईची ऑर्डर द्यायला बाजारात गेलो. ते दुसरं बटण दाबून बघायचं राहूनच गेलं.

हळदीच्या दुपारी नेपानगरहून मुलाकडची हिंदी बोलणारी मंडळी आली. आमच्या बाजूने पहिलं गाणं झालं, गुण वाढला, टाळ्या पडल्या. मग विहीणबाई गायल्या, गोड गळ्याने, हातातल्या पंख्याने ताल धरत. मी त्यांचं बटण दाबलं. गुण वाढला, पण मुलीकडचा! मुलाकडे शून्यच. मी पुन्हा दाबलं. आमचा आणखी एक वाढला.

"अरे, गाना हमने गाया और नंबर इनको?" विहीणबाई उभ्याच राहिल्या.

माझे कान तापले. नाव बदललं होतं ते फक्त फंक्शनचं. आतल्या ओळींत 'मुलीकडचे गुण' हेच नाव राहिलं होतं, त्यामुळे ते बिनदिक्कत आमच्याच गुणांत भर घालत होतं. मी कीबोर्डकडे हात नेला, तर भाची ओरडली, "आत्या, राहू दे ना, मस्त चाललंय!"

वहिनींनी माइक घेतला. "समधनजी, आप जितना गाएँगी, उतना हम जीतेंगे!"

विहीणबाई पोट धरून हसल्या. "तो लो, और जीतो!" म्हणत त्यांनी लगेच पुढचं गाणं धरलं. त्यांच्याकडची सगळी बायामाणसं उठून गायला लागली, आमच्याकडचेही त्यांच्यात मिसळले. मी हळदीच्या हातांनी बटण दाबत राहिले. मुलाकडचे व्याही प्रत्येक गाण्यानंतर पडद्यावरच्या आपल्या शून्याला हात जोडत होते.

लग्नानंतर नेपानगरला स्वागत समारंभ होता. त्यांचा खास निरोप आला, की मशीन दुरुस्त करून घेऊन या. या वेळी मी एकच फंक्शन लिहिलं. ज्या बाजूचे गुण द्याल, ते घ्यायचे, एकाने वाढवून परत द्यायचे, बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. दोन्ही बटणं दाबून पाहिली आणि मगच निघालो.

तिथे आम्ही सपशेल हरलो. विहीणबाईंनी वहिनींना मिठी मारली आणि स्वतःच्या हाताने जिलेबी भरवली. वहिनी तोंडात जिलेबी धरूनच माझ्याकडे वळल्या.

"ताई, जुना प्रोग्राम पुसला तर नाही ना?"