ठेचा सोडलेल्यांचा शोधनिबंध

आमच्या पोटविकार विभागात किस्से जमवावे लागत नाहीत. दुपारच्या चहाला कुणीतरी एक सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच थोडा फुगून परत येतो. विभागच पोटाचा, त्याला कोण काय करणार! त्यातले बरेचसे इंगोले सरांचे. अकोल्याच्या कॉलेजात मी त्यांची ज्युनिअर. सरांचं प्रोफेसरपद अडलं होतं, आणि ते मिळायला हवे होते पेपर आणि सायटेशन.

*

सायटेशन म्हणजे काय, हे सरांनी मोर्शीहून आलेल्या आईला माझ्यासमोरच समजावलं. "दुसऱ्या डॉक्टरनं त्याच्या पेपरात माह्या पेपरचं नाव घेतलं का झालं एक सायटेशन."

"चांगला म्हनून घेतलं का चुकला म्हनून?"

"ते नाई पाहत, आई. नुसतं मोजतेत."

"मंग तुले आनंद कायचा होऊन राहिला?"

सर माझ्याकडे पाहायला लागले. मी समोरचा एक्स-रे पाहायला लागले.

*

सरांचा गाजलेला पेपर मिरचीवरचा. छातीत जळजळ होणाऱ्या निम्म्या पेशंटना त्यांनी मिरची, ठेचा, तर्री सगळं बंद करायला सांगितलं. उरलेल्यांना म्हणाले, हवं ते खा. शेवटी पाहिलं, तर जळजळ दोन्हीकडे सारखीच. म्हणजे मिरची निर्दोष! परदेशातल्या जर्नलने पेपर छापला आणि सायटेशन वाढत गेली.

*

आकडा पाहायची सरांना सवयच लागली. एकदा एंडोस्कोपी चालू होती. पेशंटच्या घशात नळी, सरांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन माझ्याकडे. नवं सायटेशन आल्याचं टिंग वाजलं.

"सर, अजून एक," मी म्हणाले.

"वा, वाढूनच राहिले," सर खूश.

पेशंटचे डोळे मोठे झाले. नळी निघाल्याबरोबर त्याने विचारलं, "साहेब, किती निंगाले?" पोटात काही नाही हे त्याला पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले. पटलं की नाही, देव जाणे.

*

मग आल्या जुन्या शहरातल्या राऊतकाकू. मिरची बंद केलेल्यांपैकी एक. सरांनी कौतुकाने सांगितलं, "काकू, तुमच्यामुळे जगभर आपलं नाव झालं."

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "साहेब, ठेचा तं मी सोडलाच नाई."

"पण दर वेळी तुम्ही सोडला म्हणाल्या!"

"तुमी किती आशेनं विचारत होते. तुमचं मन काहून मोडू?"

सरांनी बाकीच्यांना फोन लावले. सगळ्यांनी तेच सांगितलं. जठारपेठेतले एक गृहस्थ तर ठामपणे म्हणाले, "मी मिरची सोडली होती, साहेब. फक्त ठेचा नाई सोडला."

ठेचा कशाचा करतात, हे विचारायचं त्राण सरांत उरलं नव्हतं.

*

प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आली होती. मी म्हणाले, "सर, ती होऊन जाऊ द्या. मग पेपर मागे घ्या." सरांनी टेबलावरचा तो पेपर उचलून पुन्हा चाळला. मला त्यांची फार दया आली. "उद्या कोणी डॉक्टर माझा पेपर वाचून पेशंटला ठेचा खाऊ घालेल," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी जर्नलला कळवून टाकलं. प्रोफेसरपद गेलं, असं मी धरून चालले.

झालं भलतंच. 'पेशंट डॉक्टरला खूश करायला खोटं बोलतात' यावर लिहिणारे सगळे सरांच्या त्या मागे घेतलेल्या पेपरचंच नाव घ्यायला लागले. आकडा आधीपेक्षा जोरात पळू लागला. हे चांगलं की वाईट, सरांना कळेना, मला कळेना.

*

मुलाखत अमरावतीला झाली आणि सर प्रोफेसर झाले. कशामुळे झाले, ते मला आजही कळलेलं नाही. मी सोबत गेले होते; आत काय घडलं, तेवढं सरांनी परतताना गाडीत सांगितलं.

समितीचे अध्यक्ष डॉक्टर नव्हते, सरकारी अधिकारी होते. त्यांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून बसले होते अमरावतीचेच एक पोटविकारतज्ज्ञ. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचा सर्वात जास्त सायटेशनचा पेपर कोणता?"

"मी मागे घेतलेला," सर म्हणाले, आणि राऊतकाकूंपासून सगळं सांगून मोकळे झाले.

अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "मलाही ॲसिडिटी आहे. हे शेजारी बसलेत तेच माझे डॉक्टर. त्यांनी मला वर्षभरापासून मिरची बंद केली आहे."

"मग सोडली का, साहेब?" सरांनी विचारलं.

अध्यक्षांनी एकदा शेजारी पाहिलं. डॉक्टर मोठ्या आशेने त्यांच्याकडेच पाहत होते.

"सोडली," अध्यक्ष म्हणाले.